पाळी, पिशवी, तांबी आणि बाकीचं सगळं: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

मी सिस्टर आहे, वीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली आणि आता काही वर्षं गावोगावच्या बचत गटाच्या मीटिंगला माहिती सांगायला जाते. मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही, सगळ्याजणी नुसत्या माना डोलावतात, आणि मी घरी पोचेपर्यंत फोनवर आठ-दहा मेसेज येऊन पडलेले असतात, "ताई, सगळ्यांसमोर विचारता आलं नाही" म्हणून. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतेय. नावं-गावं काढून टाकलीत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय. हे वाचलं म्हणजे डॉक्टरकडे जायला नको असं समजू नका, जाल तेव्हा काय विचारायचं ते आधी माहीत असावं म्हणून हे सगळं आहे.

१. ताई, पिशवी म्हणजे नक्की काय, कुठे असते आणि केवढी असते?

हा प्रश्न पहिला घेतेय कारण बाकीचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात. एकदा मीटिंगमध्ये मी सगळ्यांना कागद दिला आणि म्हटलं पिशवी काढून दाखवा. एका काकूंनी छातीपासून मांडीपर्यंत मोठ्ठं पोतं काढलं, वर तोंड उघडं. त्यांची चूक नाही, आपण शब्दच "पिशवी" वापरतो, मग डोळ्यासमोर बाजाराची पिशवी येणारच ना.

पिशवी म्हणजे गर्भाशय, ते असतं साधारण मध्यम पेरूएवढं, तसंच उलट्या पेरूसारखं दिसतं, ओटीपोटात अगदी खाली, पुढे लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय. भिंती जाड, स्नायूच्या. वरच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाशी बदामाएवढी दोन अंडाशयं. खाली तोंड, ते योनीमार्गात उघडतं. दर महिन्याला आतलं अस्तर गर्भासाठी तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडतं, हीच पाळी. "घाण रक्त" वगैरे काही नसतं, शरीरात बाकी फिरतं तेच रक्त. आणि लघवीची जागा वेगळी, पाळीची वेगळी, हे चार पोरांच्या आईलाही मी सांगितलंय आणि तिला खरंच माहीत नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं तर कळणार कुठून.

२. पाळी बरोबर २८ दिवसांनीच यायला पाहिजे ना? माझी कधी २५ ला कधी ३३ ला येते.

चालतं. मोठ्या बाईची २१ ते ३५ दिवसांत येत असेल तर ठीक आहे, मुलींना पाळी सुरू होऊन पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतही पुढेमागे होते. मोजायचं कसं तर रक्त आलं तो पहिला दिवस, तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. बऱ्याचजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग "माझी वीस दिवसांनी येते" म्हणून घाबरतात. घरातल्या कॅलेंडरवर पहिल्या दिवशी एक टिंब करा, बस. तीन महिने पाळी आलीच नाही तर आधी दिवस गेलेत का ते बघायचं किट करा आणि मग डॉक्टर. "निश्चय" नावाचं किट आशाताईंकडे फुकट मिळतं.

३. किती रक्त गेलं म्हणजे जास्त म्हणायचं? सासूबाई म्हणतात त्यांचं पण असंच जायचं.

सासूबाईंचंही जास्तच जात असेल. सात दिवसांच्या वर चालतंय, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतंय, रात्री उठून बदलावं लागतंय, दहाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतायत, यातलं काही होत असेल तर ते जास्त आहे. पहिलं काम म्हणजे हिमोग्लोबिन करून घ्या, पीएचसीत होतं. बाईचं १२ च्या वर पाहिजे, गरोदरपणी ११ च्या वर. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते आणि आपण म्हणतो "वय झालं".

लोहाच्या गोळ्या घेताना चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, गोळीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, घाबरून बंद करू नका. पण नुसत्या गोळ्या खाऊन रक्त का जातंय ते शोधलंच नाही तर भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरल्यासारखं आहे. गाठ आहे का, थायरॉईड आहे का, ते बघायला पाहिजे. आणि "जास्त जातंय, पिशवी काढून टाका" असं कुणी म्हटलं तर थेट प्रश्न १२ वाचा.

४. अंगावरून पांढरं जातं. हाडं झिजतात का त्याने?

नाही. हाडं विरघळून खाली येत नाहीत. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि तोही रात्री अकरानंतर.

थोडं पांढरं प्रत्येकीला जातं. पाळीच्या मध्यावर, म्हणजे अंडं बाहेर पडायच्या सुमाराला, ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं, पारदर्शक असतं, नंतर घट्ट होतं. गरोदरपणी वाढतं. वास नाही, खाज नाही, तर औषध लागत नाही.

दाखवायचं कधी: दह्याच्या कवड्यांसारखं आणि सोबत भयंकर खाज असेल तर बुरशी असते. करडं पातळ आणि मासळीसारखा वास, तो वेगळ्या जंतूंचा. पिवळं-हिरवं, फेसाळ, जळजळ असेल तर संबंधातून लागलेलं असू शकतं आणि अशा वेळी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, तो एकटा राहिला तर महिन्याभरात परत तेच. ताप आणि ओटीपोटात दुखत असेल तर त्याच दिवशी जा. रक्तमिश्रित असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल तर प्रश्न १३. आणि आतून साबणाने, डेटॉलने धुवायचं नाही, जाहिरातीतल्या वॉशनेही नाही. योनीत चांगले जंतू असतात, तेच राखण करतात, ते धुऊन टाकले की दुखणं ओढवून घेतलंच.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली लॅन्सेट या जर्नलमध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८. बाकीच्या सगळ्या अंगावर काढत होत्या. आज परिस्थिती थोडी सुधारली असेल, पण "अंगावर काढणं" हा शब्द अजून माझ्या मीटिंगमध्ये दर पाच मिनिटाला येतो.

५. कापड वापरलं तर इन्फेक्शन होतं का? पॅड परवडत नाहीत.

कापड वाईट नाही, ओलं कापड वाईट. सुती घ्या, साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. सगळी गडबड इथेच होते, लाजेने बायका ते साडीखाली, पलंगाखाली, मोरीतल्या दोरीवर वाळवतात, ऊन लागत नाही आणि दमट राहतं. वरून पातळ ओढणी टाका पण उन्हातच घाला. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदला, भिजलं नसलं तरी. पाळीचा कप वापरणाऱ्यांनी जास्तीत जास्त बारा तास.

६. गौरी-गणपतीत पाळी येतेय, पुढे ढकलायची गोळी घेऊ का? मेडिकलवाला देतो.

श्रावण सुरू झाला की या प्रश्नाचा पूर येतो. एकीने तर एका वर्षात सत्यनारायण, गौरी, नवरात्र आणि दिराचं लग्न अशी चार वेळा गोळी घेतली होती, दर वेळी मेडिकलमधून, दर वेळी कुणाला न विचारता.

त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन. तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. धडधाकट बाईने कधीतरी एकदा डॉक्टरला विचारून घेतली तर सहसा काही होत नाही. पण काहींना ही चालतच नाही: पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, डोळ्यापुढे चमकून अर्धशिशी उठणारी, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर झालेली. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागलं, छातीत दुखलं, दम लागला, अचानक प्रचंड डोकं दुखलं तर पूजा सोडून दवाखाना गाठायचा. आणि या गोळीने दिवस राहायचे थांबत नाहीत, कितीजणींना वाटतं दोन्ही कामं होतात, नाही होत.

आता माझं मत. तुमच्या घरात काय चालतं ते तुम्ही ठरवा, मी कुणाच्या देवघरात शिरणार नाही. मी स्वतः दोन वर्षं पाळीतच गौरी बसवल्यात, सासूबाईंनी पहिल्या वर्षी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या वर्षी स्वतःहून म्हणाल्या, तू कर गं. सतरा वर्षांच्या पोरीला नुसती शिवाशिव नको म्हणून आई गोळी देते ते बघून मात्र जीव तुटतो.

७. नक्की कुठल्या दिवसांत दिवस राहतात? पाळीनंतरचे आठ दिवस सेफ असतात ना?

नसतात, निदान भरवसा धरण्यासारखे नसतात. अंडं बाहेर पडतं पुढच्या पाळीच्या अंदाजे १४ दिवस आधी. अंडं टिकतं एक दिवस, पण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं. म्हणजे धोक्याचे दिवस साधारण सहा. २८ दिवसांची पाळी असेल तर नवव्या-दहाव्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत धरा, पण जिची पाळी २३ दिवसांनी येते तिचं अंडं नवव्या दिवशीच येणार, मग चौथ्या-पाचव्या दिवशीचा संबंधही चुकू शकतो. पाळी पुढेमागे होणारीने (प्रश्न २) मोजमापावर अजिबात राहू नये. मूल हवं असेल तर हाच हिशोब उलटा वापरा, त्या दिवसांत एक दिवसाआड.

८. तांबी बसवली तर वर चढते म्हणे, काळजापर्यंत जाते?

प्रश्न १ मधला पेरू आठवा. पिशवी वरून बंद आहे, काळजाकडे जाणारा रस्ताच नाही. क्वचित, हजारात एखादीला, तांबी (कॉपर-टी) पिशवीच्या भिंतीतून पलीकडे पोटात जाते, बहुतेक वेळा बसवतानाच, आणि ती दुर्बिणीने काढतात. जास्त वेळा होतं ते उलट, पहिल्या काही महिन्यांत गळून पडते. म्हणून दोरा असतो, पाळी झाली की बोटाने चाचपायचा, हाती लागला तर तांबी जागेवर आहे. दोरा लागेना तर सोनोग्राफी करून घ्या आणि तोवर निरोध वापरा.

३८० नंबरची १० वर्षं चालते, ३७५ ची ५. कधीही काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. पहिले तीन-चार महिने पाळीला जास्त जातं आणि दुखतं, ते मी आधीच सांगते कारण न सांगता बसवली की बाई महिन्याभरात काढायला येते आणि मग अख्ख्या गल्लीला सांगते. ज्यांचं आधीच खूप जातं आणि रक्त कमी आहे त्यांनी दुसरं काही बघावं. आणि एक, डिलिव्हरीनंतर न विचारता तांबी बसवलेल्या बायका मला भेटल्यात, हे चूक आहे, तुमची परवानगी घ्यायलाच पाहिजे.

९. माला-एन, छाया, अंतरा यात फरक काय? आशाताई तिन्ही सांगतात.

तिन्ही दिवस राहू नयेत म्हणून. माला-एन रोजची गोळी, दोन हार्मोन असलेली. बीपी असेल, अर्धशिशी असेल, पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल तर नको. छायामध्ये हार्मोन नाही, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेलं औषध आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा. यात पाळी लांबू शकते, ते आधीच कळलेलं बरं. अंगावर पाजणारीला चालते.

अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी इंजेक्शन. घरात कुणाला कळत नाही म्हणून बऱ्याचजणी हेच निवडतात आणि त्याला कारणं असतात. सुई दिलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते, ते रक्त आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही म्हणून येत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, वर्षभरात मूल पाहिजे असेल तर अंतरा घेऊ नका.

१०. बहात्तर तासांची गोळी आणि गर्भपाताची गोळी एकच ना?

नाही!! दोन्ही पूर्ण वेगळ्या. एकदा एक मुलगी आली, वर्तमानपत्राच्या पुडीत पाकीट गुंडाळलेलं. मित्राने मेडिकलमधून "ती गोळी" म्हणून आणलेलं, तिला वाटलं बहात्तर तासांची. उघडलं तर आत पाच गोळ्यांचं गर्भपाताचं किट, तिने पहिली घेतली होती आणि बाकीच्या उद्या घेणार होती. तिची पाळी चुकलेली पण नव्हती.

बहात्तर तासांची गोळी, म्हणजे लेवोनॉर्जेस्ट्रेल, ही संबंधानंतर जितक्या लवकर घ्याल तितकी चांगली, अंडं बाहेर पडणं लांबवते. चिठ्ठीशिवाय मिळते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि अंडं आधीच बाहेर पडलं असेल तर फारसा उपयोग होत नाही. पुढची पाळी मागेपुढे होईल, आठवडाभर उशीर झाला तर किट करा. घेतल्याने वांझपण येत नाही. दर आठवड्याला घ्यायची मात्र वेळ येत असेल तर प्रश्न ९ मधलं काहीतरी सुरू करा.

गर्भपाताच्या गोळ्या म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, राहिलेला गर्भ पाडायला, आपल्याकडे नियमाप्रमाणे ९ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर. नीट वापरल्या तर चांगलं, सुरक्षित औषध आहे, मला त्यांची बदनामी करायची नाही. भीती आहे ती न तपासता घेण्याची: गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काम करत नाहीत, रक्तस्राव झाला म्हणून बाई समजते झालं एकदाचं आणि आत नळी फुटते. दोन तास सलग दर तासाला दोन पॅड भिजले, ताप आला, चक्कर येऊन पडली, एका बाजूला असह्य दुखलं तर रात्रीबेरात्री हॉस्पिटल गाठा आणि काय घेतलंय ते खरं सांगा.

११. गर्भपात कायदेशीर आहे का? नवऱ्याची सही मागतात. लग्न झालेलं नसेल तर?

कायदेशीर आहे, १९७१ पासून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर आणि ठरावीक कारणं, उदाहरणार्थ बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मधेच घटस्फोट किंवा नवरा वारला. २४ च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. गर्भनिरोधक फसलं हे कारण आता "विवाहित स्त्री" ऐवजी "कोणतीही स्त्री" असं लिहिलंय, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २० ते २४ च्या नियमातही लग्न झालेलं नसलेल्या बाईला वगळता येणार नाही.

१८ पूर्ण असतील तर फक्त तुमची सही. नवऱ्याची, सासूची, कुणाची नाही. दवाखाने मागतात ते स्वतःच्या भीतीपोटी, कायद्यात तसं नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. १८ च्या आत पालकाची लेखी संमती लागते. आणि गर्भलिंग तपासणी हा वेगळा विषय, तो गुन्हा आहे, आपल्या राज्यात तर १९८८ पासून त्याविरुद्ध कायदा होता, देशाचा १९९४ मध्ये आला. या दोन कायद्यांची लोक सरमिसळ करतात आणि मग ज्या बाईला खरंच गर्भपात करायचाय तिला चोरासारखं फिरावं लागतं.

१२. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलीय, वय ३४. "दोन मुलं झाली ना, मग ठेवून काय करायचं, पुढे कॅन्सर होईल." काय करू?

थांबा. आजच सही करू नका. रक्त धो धो वाहत नसेल तर दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

पिशवी काढायची खरी कारणं असतात: कॅन्सर, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, डिलिव्हरीत न थांबणारं रक्त. पण पांढरं जातं, कंबर दुखते, "पिशवीला सूज आहे", "तोंडाला जखम आहे", अंडाशयावर छोटी पाण्याची गाठ, किंवा नुसती कॅन्सरची भीती, यासाठी पिशवी काढत नाहीत. ती "जखम" म्हणजे बऱ्याचदा आतला लालसर थर तोंडावर आलेला असतो, तरुण बायकांत हे नेहमी दिसतं, पॅप टेस्ट (प्रश्न १३) नॉर्मल असेल तर सोडून द्यायचं.

हे इतकं का सांगतेय, कारण बीड. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, खाडा झाला की दंड, मग पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, फडात ना पाणी ना आडोसा. पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढलेली. २०१९ मध्ये बातम्या आल्या तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मला यातल्या काहीजणी भेटल्यात, कर्ज काढून ऑपरेशन केलेलं, आणि फाईल मागितली तर एका सोनोग्राफीच्या कागदापलीकडे काही नाही.

म्हणून डॉक्टरला हे विचाराच: नाव काय आहे माझ्या आजाराचं, लिहून द्या. पॅप किंवा बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) केली का. रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या, हार्मोन, हार्मोनची तांबी यातलं काय करून बघितलं. नुसती पिशवी काढणार की अंडाशयंही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाळी जायच्या वयाआधी अंडाशयं काढली की एका रात्रीत म्हातारपण आल्यासारखं होतं, अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ (इथे हाडं खरंच झिजतात, पांढऱ्याने नाही), हृदयाचा धोका. रिपोर्ट घेऊन सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजला दुसरं मत घ्या. "विचार करून सांगते" म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, डॉक्टर रागावले तरी.

१३. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी दुखते का? लस मोठ्या वयात घेता येते का?

दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. पॅपमध्ये छोट्या ब्रशने पेशी घेतात, दोन मिनिटं. सरकारी दवाखान्यात पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच, तोंडाला लावून पांढरा डाग उमटतो का ते बघतात, ३० ते ६५ वयात, ५ वर्षांनी एकदा. पाळीच्या दिवसांत जाऊ नका.

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो, संबंधातून येतो, बहुतेकींचा आपोआप जातो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ हाताशी असतो म्हणून तर तपासणीला अर्थ आहे. आणि हे जगाला दाखवलं कुणी? आपल्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या बायकांनी. टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने केलेल्या अभ्यासात १,३१,७४६ बायका होत्या, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ साली छापून आलं. त्याच जिल्ह्यात आज मी विचारते किती जणींनी तपासणी केलीय तर दोन हात वर होतात.

लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ नंतर सुरू केली तर आपल्याकडे तीन देतात. पुण्याच्या सीरमची देशी लसही आहे आता. २६ पर्यंत घ्यावी, त्यापुढे फायदा कमी होत जातो, डॉक्टरशी बोला. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.

१४. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, परवा थोडा डाग दिसला. उष्णतेमुळे असेल का?

उष्णता म्हणून सोडू नका. सलग १२ महिने पाळी नाही म्हणजे ती गेली, त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी आठवड्याभरात दाखवायचं. बऱ्याचदा साधा कोरडेपणा निघतो, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच सुरुवातीला सांगून येतो आणि तेव्हा पकडला तर बरा होतो.

१५. बाळ अंगावर पितंय, पाळी आलेली नाही. दिवस राहू शकतात?

तीन अटी एकदम पाळल्या जात असतील तर शक्यता फार कमी: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध (वरचं पाणी, घुटी, पावडर काही नाही), आणि पाळी आलेली नाही. एक अट मोडली की संपलं. पाळीच्या आधी अंडं येतं, त्यामुळे बाळंतपणानंतर एकही पाळी न येता दिवस गेलेल्या बायका मी खूप बघितल्यात. काय वापरायचं ते ८ आणि ९ मध्ये आहे.

१६. पीसीओडी निघालाय, मूल होणारच नाही का?

होतं. अंडं वेळेवर बाहेर पडत नाही म्हणून उशीर लागतो आणि त्यावर औषधं आहेत. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी बऱ्याचजणींची पाळी आपली आपण लागते. पुढे साखरेचा धोका असतो म्हणून वर्षा-दोन वर्षांनी शुगर बघत जा. आणि सोनोग्राफीत "गाठी" दिसल्या एवढ्यावरून पीसीओडी ठरत नाही, पाळी नियमित असेल तर तो शिक्का मारून घेऊ नका.

१७. दीड वर्ष झालं, मूल नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, तो म्हणतो माझ्यात काही दोष नाही.

कशावरून? वीर्य तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुई पण टोचत नाही, आणि तीच शेवटी होते. बाईच्या नळ्या तपासून, दुर्बीण घालून झाल्यावर. संबंध नीट असणं आणि बीज पुरेसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. वर्षभर प्रयत्न करून झालं नाही तर दोघांनी एकदम जायचं, बाई ३५ च्या पुढची असेल तर सहा महिन्यांत. आपल्याकडे पिशवीचा टीबी हे एक कारण राहून जातं, खोकला नसताना होतो, पाळी कमी होत जाते, तेही विचारा. मुलगा की मुलगी हेही पुरुषाच्या बीजावर ठरतं, तेवढं सासरी सांगून टाका.

१८. टीबीची औषधं चालू आहेत, माला-एन घेतेय. चालेल ना?

हे फार कमीजणींना सांगितलं जातं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, त्याने माला-एन शरीरातून लवकर निघून जाते आणि गोळी फसू शकते, बहात्तर तासांच्या गोळीचंही तेच. औषध संपल्यावरही महिनाभर परिणाम राहतो. फिटच्या काही गोळ्यांनीही असं होतं. तांबी किंवा अंतरा चालते, मात्र पिशवीचाच टीबी असेल तर तांबी नको. सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने गोळी फसत नाही, त्याची काळजी नको.

१९. माझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह. दोन महिन्यांचं पडलं, आता पुढच्या वेळी बघू म्हणतात. इंजेक्शन आत्ता लागतं का?

डिलिव्हरी असो, गर्भपात असो, नळीतला गर्भ असो, ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारायचंच. फार लवकरच्या गर्भपातात काही डॉक्टर गरज नाही म्हणतात, पण ते त्यांनी विचार करून म्हटलेलं असावं, विसरून नाही. नवराही निगेटिव्ह असेल तर लागत नाही. गरोदरपणात २८ व्या आठवड्यालाही देतात. इंजेक्शन या बाळासाठी नसतं, पुढच्या बाळासाठी असतं, म्हणून तर ते राहून जातं. घेतल्याचा कागद जपून ठेवा.

२०. टाक्याचं (मूल बंद व्हायचं) ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली, आता पाळी चुकलीय. असं होऊ शकतं? घरात संशय घेतायत.

होऊ शकतं. साधारण दोनशेत एकीचं ऑपरेशन कधी ना कधी फसतं, नळी परत जुळते. तुमची चूक नाही आणि संशय घेण्यासारखं तर काहीच नाही, हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा. पण आधी आज किट करा. दोन रेघा आल्या तर उद्याच सोनोग्राफी, कारण ऑपरेशननंतर राहिलेला गर्भ नळीत असायची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त असते. पोटात एका बाजूला दुखतंय, खांद्यात दुखतंय, चक्कर येतेय, डाग दिसतोय, यातलं एक जरी असेल तर उद्याची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि "ऑपरेशन झालंय, पाळी चुकलीय" हे दोन शब्द आधी सांगा. ऑपरेशनचं सर्टिफिकेट सोबत घ्या, सरकारी योजनेत झालं असेल तर ऑपरेशन फसल्याची भरपाई मिळते आणि अर्जाला मुदत असते.